पैलवान पोराला पाण्याची पाळी



उसाची पाण्याची पाळी चार दिवस लांबली, तर आपल्या जिवाला घोर लागतो. पण तालमीत जाणाऱ्या आपल्याच मुलाने पहाटेपासून किती पाणी प्यायले, हे आपण विचारीत नाही. खुराकाचा हिशेब मात्र चोख असतो. दूध किती, तूप किती, बदाम किती, हे घरातल्या लहानथोरांना पाठ असते. पाण्याला दाम पडत नाही, म्हणून ते हिशेबात धरलेच जात नाही. जत्रांच्या दिवसांत भर उन्हात कुस्त्यांची मैदाने भरतात. म्हणून आज पिकांचा विषय बाजूला ठेवून पोरांच्या पाण्याविषयी चार गोष्टी सांगतो.

मेहनत करताना पाणी पिऊ नये, ते बाधते, असे गावोगाव ऐकू येते. यात तथ्य एवढेच, की गटागटा तांब्याभर पाणी पिऊन लगेच बैठका मारल्या तर पोटात डचमळते. पण त्यावर उपाय पाणी तोडणे हा नव्हे. थोडे थोडे आणि वरचेवर देणे हा होय. ठिबकाचा फायदा आपण जाणतोच.

जोर, बैठका आणि लढत यांनी अंगात उष्णता तयार होते. घाम वाळताना ती उष्णता घेऊन जातो. तालमीची खोली कोंदट असेल, तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणजे पाणी जाते, पण अंग निवत नाही. पाणी कमी झाले की रक्ताचे प्रमाण घटते, हृदयाला जास्त धडधडावे लागते, दम लवकर लागतो. वजनाच्या शंभरात दोन भाग एवढे पाणी गेले, तरी ताकद आणि चपळाई कमी होऊ लागते. ४० किलोच्या मुलाच्या बाबतीत हे पाणी अवघे ८०० ग्रॅम होते. आणि तहान उशिरा लागते. ज्वारीची पाने गुंडाळलेली दिसतात, तेव्हा पिकाला ताण आधीच बसलेला असतो; तसेच हे आहे.

तेव्हा पाळी अशी ठरवावी. रात्रभर अंगाला पाणी मिळालेले नसते, म्हणून पहाटे उठल्यावर एक ग्लास पाणी पिऊनच मुलाने तालमीची वाट धरावी. मेहनत चालू असताना ९ ते १२ वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी अर्धा ते एक ग्लास पाणी द्यावे. त्याहून मोठ्या मुलाला खूप घाम येत असेल, तर तासाला एक ते दीड लिटरपर्यंत लागू शकते. मेहनतीपूर्वी आणि नंतर, अंग पुसून, काट्यावर वजन करून पाहावे. एक किलो घटले, तर सुमारे एक लिटर पाणी गेले असे समजावे आणि ते पुढच्या काही तासांत सावकाश भरून काढावे. काटा नसेल तर लघवीचा रंग पाहावा. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी व थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. मात्र मेहनतीनंतर वजन वाढलेले दिसले, तर पाणी जास्त झाले असे समजा. वाफसा नसलेल्या रानात मुळे गुदमरतात. गरजेपलीकडे पाणी ढोसल्याने रक्तातले मीठ पातळ होते आणि तेही जिवावर बेतू शकते.

रोजच्या मेहनतीला साधे स्वच्छ पाणी पुरते. तासाभरापेक्षा जास्त मेहनत असेल किंवा ऊन कडक असेल, तर चिमूटभर मीठ घातलेले पातळ ताक किंवा लिंबाचे सरबत द्यावे. दूध व थंडाई मेहनतीनंतर द्यावी. तो खुराक आहे, पाण्याची जागा तो घेत नाही. बाजारातली तरतरी आणणारी डबाबंद पेये मुलांना देऊ नयेत. त्यांत कॅफीन असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. खालच्या वजनगटात बसावे म्हणून काही मुले दोन दोन दिवस पाणी तोडतात, जाड कपडे घालून पळतात. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच प्रकारे वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथले नियम बदलले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट हिचे वजन रात्रभर खटपट करूनही १०० ग्रॅम जास्त भरले. अंतिम लढत हुकली आणि अंगातले पाणी कमी झाल्याने उपचार घ्यावे लागले. जाणत्या मल्लाची, सोबत डॉक्टर असताना, ही गत होते; मग वाढीच्या वयातल्या आपल्या मुलाची काय कथा? गटात बसत नसेल, तर त्याला वरच्या गटात लढवावे. हरला तर पुढच्या जत्रेत जिंकेल.

मुलीही आता तालमीत येतात. तिथे संडासची सोय नसली, तर त्या पाणी पिणेच टाळतात. ग्रामपंचायतीने हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.

डोके दुखणे, चक्कर, पायात गोळे येणे, ही लक्षणे दिसताच मेहनत थांबवून सावलीत बसवावे व पाणी द्यावे. मूल बरळू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा बेशुद्ध झाले, तर उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असला तरी. ताबडतोब कपडे सैल करून अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. गाडी येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये.

या आठवड्यात एवढे करा. वस्तादांना भेटा आणि तालमीच्या दाराशी झाकण व ओगराळे असलेला एक माठ ठेवा. दर वीस मिनिटांनी वस्तादांनीच पाण्यासाठी हाळी द्यावी, म्हणजे लाजणारी पोरेही पाणी पितील. आखाड्यातल्या मातीला आपण ताक-तेल पाजतो. त्या मातीत घाम गाळणाऱ्या पोराला पाणी द्यायला विसरू नये.