दहा दरवाजे, एक फोन

झाशीच्या जुन्या तटाला दहा दरवाजे. खंडेराव, दतिया, उनाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झरना. शिवाय माणसापुरत्या वाटा, त्यांना इथे खिडक्या म्हणतात : गणपतगीरची खिडकी, अलीगोलची खिडकी. आम्ही दतिया गेटचे. एप्रिल 1858 मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली. ओरछा दरवाजा आतल्याच माणसानं उघडून दिला, असं झाशीत आजही सांगतात. इंग्रजांच्या कागदांत तटाला पडलेलं खिंडार आहे, शिड्या आहेत. खरं काय, ते इतिहासकारांनी ठरवावं. पण ती गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना एक नेमकं कळलेलं होतं. नऊ दरवाजे बंद असले तरी एक उघडा पुरतो.

आमच्या बाबतीत तो एका मुलाच्या फोनमधून उघडला. कॉलेजच्या फीसाठी त्यानं एका अ‍ॅपवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं. अ‍ॅपनं ‘कॉन्टॅक्ट’ मागितले, त्यानं ‘अलाउ’ दाबलं. हप्ता चुकला आणि दहाव्या दिवशी फोन सुरू झाले. त्याला आले तसे भजनी मंडळाच्या काकूंना आले, वर्गणीची वही सांभाळणाऱ्या काकांना आले, त्याच्या बहिणीच्या होणाऱ्या सासरीही आले. काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. रिझर्व्ह बँकेनं 2 सप्टेंबर 2022 च्या सूचनांतच कर्जाच्या अ‍ॅपांना फोनमधले नंबर आणि फोटो चाळायला मनाई केली होती. मनाई कागदावर राहिली, आमचे नंबर बाहेर गेले.

त्या आठवड्यात आम्हांला जे उमगलं, त्यासाठी हा जाहीरनामा आहे. माझ्या फोनमध्ये मी एकटा नसतो. झाशीतली मराठी घरं थोडी, मराठा सुभेदार नारो शंकरांच्या काळापासून एकमेकांत गुंतलेली. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाकडे, प्रत्येकाच्या मुंजीचे फोटो प्रत्येकाकडे. म्हणून ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य आम्ही यापुढे ऐकून घेणार नाही. तुमच्याकडे नसेल, तुमच्या फोनमध्ये आमचं आहे.

राणीची ती प्रसिद्ध घोषणा आम्ही इथे वापरणार नाही. ती इतक्या फलकांवर आणि भाषणांत झिजली आहे की तिला थोडी विश्रांती हवी. त्याऐवजी विष्णुभट गोडसे यांची आठवण काढू. वरसईहून उत्तरेत आलेल्या या भटजींनी झाशीचा वेढा आणि नंतरची लूट पाहिली. ‘माझा प्रवास’ त्यांनी 1883 च्या सुमारास लिहिला, तो चिं. वि. वैद्यांनी छापला 1907 साली. इतकी वर्षं बाड बंद राहिलं. राज्य इंग्रजांचं होतं आणि मजकूर बंडाचा. गोष्ट सांगायची होती, पण कधी आणि कोणापुढे, हे हातात ठेवून. खासगीपणाची याहून चांगली व्याख्या आम्हांला सापडलेली नाही.

कायद्यातही खासगीपणाला जागा आहेच. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2023 मध्ये व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तरी नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दूरसंचार विभागानं नव्या प्रत्येक फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीपासून घालून द्या, असा आदेश कंपन्यांना काढला. ओरड झाली आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. मागे घेतली हे चांगलंच. पण आदेश निघाला तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कोणी विचारलं नाही की फोन माझा असताना त्यात काय भरायचं, हे दुसरे दोघे आपसांत कसं ठरवतात. विचारणार तरी कसं? विकत घेतानाच त्यात न काढता येणारी अ‍ॅप भरलेली असतात, त्याची सवय झालेली आहे.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक डग्लस लीथ यांनी 2021 मध्ये मोजून पाहिलं : नुसता टेबलावर ठेवलेला फोनही, आयफोन असो की गूगलचा, सरासरी दर साडेचार मिनिटांनी कंपनीला काहीतरी कळवत असतो. त्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सॅमसंग, शाओमी, हुआवे, रियलमी तपासले. सगळे बोलके. त्यांच्याबरोबर तपासलेली ‘ई-ओएस’ ही एकच सिस्टिम जवळजवळ गप्प होती. म्हणजे फोन गप्प राहू शकतो. तो बोलका असणं हा निसर्गनियम नाही, कोणाचा तरी निर्णय आहे.

तर आम्ही काय करणार? फोनमधली ऑपरेटिंग सिस्टिम बदलणार. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे, त्यावर कोणीही आपली सिस्टिम उभारू शकतो. अशा सिस्टिमांपैकी आम्ही मुख्यतः ग्राफिनओएस निवडली. ती सध्या गूगलच्याच पिक्सेल फोनांवर बसते, ही गंमत आम्हांलाही कळते : गूगलच्या नजरेपासून सुटायला गूगलचाच फोन घ्यावा लागतो. कारण साधं आहे. त्या फोनांचं कुलूप उघडता येतं आणि, खरी गोष्ट इथे आहे, आपली सिस्टिम घालून ते पुन्हा लावताही येतं.

या दुसऱ्या अर्ध्याकडे पोरं दुर्लक्ष करतात. हे कुलूप बूटलोडरचं. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यांत आधी जागा होणारा पहारेकरी. ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडा, ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करा, केबल लावा, संगणकावरून आज्ञा द्या. पहारेकरी दार उघडतो आणि फोनमधलं सगळं पुसून टाकतो, म्हणजे चोराला जुनं काही मिळू नये. नवी सिस्टिम चढते. मग तिथेच थांबून मिरवणारे खूप. दार सताड उघडं आणि मालक खूश! असा फोन हातात पडला तर कोणीही त्यात वाट्टेल ते चढवू शकतो. म्हणून बूटलोडर पुन्हा बंद करायचा. त्या वेळी फोन पुन्हा एकदा पुसला जातो. त्यानंतर दर वेळी फोन सुरू होताना पिवळी सूचना दिसते की ही वेगळी सिस्टिम आहे, आणि खाली तिच्या किल्लीचा ठसा. तो जुळवून पाहायचा. घाबरायचं नाही, ती सूचना म्हणजे पहारेकऱ्यानं दिलेली हाळी.

जुन्या, कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या फोनांसाठी लिनिएजओएस आहे. तिनं फोनचं आयुष्य वाढतं, कचरा कमी होतो. पण बहुतेक फोनांवर ती घातल्यावर कुलूप परत लावता येत नाही, म्हणून तिला आम्ही सुरक्षित म्हणणार नाही. उपयोगी म्हणू.

पुढचं मात्र सुखाचं आहे. कर्जाच्या अ‍ॅपनं नंबर मागितले तर ग्राफिनओएसमध्ये निवडून दोनच नंबर दाखवता येतात. अ‍ॅपला वाटतं, या माणसाला जगात दोघंच ओळखतात. टॉर्चच्या अ‍ॅपचं इंटरनेट बंद करता येतं. गूगल प्ले हवंच असेल तर ते इतर अ‍ॅपांसारखं, विशेष अधिकारांशिवाय, कुंपणात राहतं. फोन बराच वेळ उघडला नाही तर आपोआप रीस्टार्ट होऊन पक्का बंद होतो. आणि एक दुसरा पिन ठेवता येतो, जो दाबला की सगळं कायमचं पुसलं जातं. हा शेवटचा पर्याय नातवंडांपासून लपवा.

अडचणी लपवल्या तर चळवळ पहिल्याच महिन्यात बसेल. काही बँकांची अ‍ॅप अशा फोनवर चालत नाहीत. ती गूगलला विचारतात, हा फोन तुझ्या शिक्क्याचा आहे का, आणि गूगल नाही म्हणतं. फोन अधिक सुरक्षित असला तरी शिक्का नाही म्हणून दार बंद. यूपीआय तर आता भाजीवाल्याकडेही लागतं. आमचा तोडगा फार वीरश्रीचा नाही : आधी आपल्या बँकेचं अ‍ॅप चालतं का ते दुसऱ्याच्या बदललेल्या फोनवर पाहा, नसेल चालत तर जुना फोन घरात फक्त पैशांपुरता ठेवा, त्यात कोणाचा नंबर नाही, फोटो नाही. वापरलेला पिक्सेल घेताना पैसे देण्याआधी ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण दबतं का ते दुकानातच बघा. ते धूसर असेल तर फोन परत करा, दुकानदार कितीही ‘भैयाजी, हो जाएगा’ म्हणाला तरी.

आमचे नियम थोडे आहेत. आम्ही कोणाच्याही फोनवर सिस्टिम घालून देणार नाही. ज्याचा फोन त्यानं बटणं दाबायची, आम्ही शेजारी बसून मराठीत वाचून दाखवू. कोणाचा पिन आम्ही ऐकणार नाही; सांगू लागलात तर कानावर हात ठेवू. पैसे घेणार नाही, चहा घेऊ.

सगळ्यांत कठीण नियम घरातला आहे, आणि त्यावरच पहिल्या बैठकीत सर्वांत जास्त भांडण झालं. नवऱ्यानं बायकोचा फोन, सासूनं सुनेचा, बापानं कॉलेजातल्या मुलीचा फोन तिच्या नकळत आमच्याकडे आणायचा नाही. ‘तिला काय कळतंय’ म्हणणाऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवू. एका काकांनी विचारलं, घरात कसला आलाय खासगीपणा? त्यांच्या पत्नी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, तुमचा पिन मला माहीत नाही, माझा तुम्हांला माहीत आहे. आधी तेवढं सरळ करा.” पुढे काकांनी त्या विषयावर काही विचारलं नाही.

मागण्या तीनच. फोन विकणाऱ्यांनी कुलूप उघडण्याचा आणि पुन्हा लावण्याचा हक्क खरेदीबरोबर द्यावा. बँकांनी फोनचा शिक्का पाहण्याऐवजी त्याची खरी सुरक्षितता तपासावी. आणि सरकारनं फोनमध्ये काही घालायचं असेल तर ते आधी त्याच्या मालकाला विचारावं, कंपनीला नंतर.

या चळवळीला अजून नाव दिलेलं नाही. नाव ठेवलं की अध्यक्ष लागतो, अध्यक्ष आला की हार आणि माइक येतात. सध्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, दतिया गेटजवळ आमच्यापैकी कोणाच्या तरी ओसरीवर. येताना फोनमधलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून आणा, कारण ते दोनदा पुसलं जाणार आहे. आणि केबल स्वतःची आणा, डेटा चालणारी. नुसत्या चार्जिंगच्या केबलीपायी गेल्या खेपेला आमची अख्खी सकाळ गेली.