घंटेची जीभ

आमच्या चिरंजीवांना ड्रम वाजवण्याचा नाद आहे. परभणीतले आमचे शेजारी दोन वर्षे तो सोसत आहेत (देव त्यांचे भले करो!), आणि मी कानांत कापूस घालून पेपर तपासतो. यंदा दिवाळीच्या तोंडावर फर्मान निघाले, "बाबा, काउबेल पाहिजे."

"म्हणजे गायीच्या गळ्यातली घंटाच ना? मग बाजारात चल की!"

पोळा कधीच होऊन गेला होता, तरी एका दुकानात घंटा टांगलेल्या दिसल्या. मी आपली चकाकी बघून एक पितळी घंटा उचलली. चिरंजीवांनी पिशवीतून काठी काढली, घंटेचा लोलक बोटांत धरला आणि टोला दिला. नाद कितीतरी वेळ लांबत राहिला.

"बाबा, हिचा आवाज विरायच्या आत माझे पुढचे चार ठोके येणार. सगळा काला होईल."

मग दुकानदारासमोरच माझी शिकवणी झाली. काउबेल बहुधा पोलादी पत्र्याची असते, तिला लोलक नसतो आणि आवाज कोरडा, तुटक लागतो. तोंडाच्या कडेवर काठीचा दांडा मारला की जाड स्वर निघतो, वरच्या अंगावर टोक मारले की बारीक. फारच घुमली तर आतून चिकटपट्टी लावायची. मीही वाचीव ज्ञान पाजळले, की १९०६ साली प्रथम वाजलेल्या मालरच्या सहाव्या सिम्फनीत गायीच्या घंटा आहेत. "आहेत ना! पण त्या लांबच्या कळपासारख्या ऐकू यायच्या असतात," चिरंजीव म्हणाले. आम्ही रिकाम्या हाती परतलो.

दिवाळीला गंगाखेडजवळच्या आमच्या गावी गेलो. नातवाची अडचण ऐकून अण्णांनी माळ्यावरून एक काळपट घंटा काढायला लावली. जुन्या लोखंडी मोटेच्या पत्र्यातून लोहाराने केलेली. मी ती लगेच ओळखली. आमच्या तांबडीची! तिचा 'टक टक' आवाज ऐकत मी लहानपणी ओढ्याकाठी तिला धुंडाळले आहे. मी एम.ए.ला गेलो त्या वर्षी तांबडी विकली गेली. का, ते मी कधी विचारले नाही.

चिरंजीवांनी टोला दिला. टक्! पोराचा चेहरा उजळला.

"हीच! फक्त आतला लोलक काढावा लागेल."

"खबरदार!" मी ओरडलो. "दुसरी विकत आणू. लागतील तेवढे पैसे देतो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "घंटेची जीभ काढायची म्हणतोस?" त्यांनी नातवाला विचारले. "हो आजोबा, नाहीतर ती मध्येच बोलते."

अण्णांनी चंची सोडली, अडकित्ता काढला आणि आतली दोरी कातरली. बाभळीचा तो गुळगुळीत तुकडा सुपारीबरोबर चंचीत टाकला.

"हं, वाजव आता," ते म्हणाले.