फरारी दरोडेखोराचे पोवाडे कशाला?

तुरुंगातून निसटलेल्या माणसाविषयी समाजाच्या मनात एक चोरटे कौतुक दडलेले असते. त्याने कोणाचे पैसे लुटले, कोणाचे रक्त सांडले, हे लोक पाहता पाहता विसरतात. पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत त्याने धूळ कशी फेकली, हे मात्र वर्षानुवर्षे चवीने सांगतात. पेडण्याच्या बाजारात काय किंवा डिचोलीच्या बसस्थानकावर काय, मन्या सुर्वे हे नाव कानी पडले नाही असा प्रौढ गृहस्थ विरळाच. परंतु त्याच्या पायी कोणाचा बळी गेला असे विचारा, उत्तर देणारा सापडणार नाही. हा केवळ लोकांच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे आम्हांस वाटत नाही. कायद्याच्या राज्यावरचा आपला विश्वास किती खोल आहे, याचे माप या कौतुकात दडले आहे.

मनोहर अर्जुन सुर्वे हा आपल्याच कोकणपट्टीतला. १९४४ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणी मुंबईस गेला आणि कीर्ती महाविद्यालयातून पदवीधर झाला. ज्या काळात पदवी ही सन्मानाच्या नोकरीची किल्ली होती, त्या काळातला हा पदवीधर. १९६९ सालच्या एका खुनाच्या खटल्यात त्यास जन्मठेप झाली. येरवड्याहून त्याची रवानगी रत्नागिरीच्या तुरुंगात करण्यात आली. तेथे उपोषण करून तो रुग्णालयात दाखल झाला आणि १४ नोव्हेंबर १९७९ रोजी पहाऱ्यातून निसटला. पुढची दोन वर्षे तो मुंबईत टोळी बांधून दरोडे घालीत होता. कॅनरा बँकेच्या पैशावरचा दरोडा त्याच्याच नावावर जमा आहे. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यास आंबेडकर महाविद्यालयाजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी त्याचा शेवट झाला. मुंबई पोलिसांची पहिली नोंदलेली ‘चकमक’ म्हणून हीच घटना सांगितली जाते. २०१३ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला आणि जन्मास न आलेल्या पिढीलाही हा दरोडेखोर नायक म्हणून भेटला.

बँक लुटणारा श्रीमंतांस लुटतो, अशी एक भाबडी समजूत या पोवाड्यांच्या मुळाशी आहे. ती तपासून पाहणे आवश्यक आहे. १९ जुलै १९६९ रोजी ज्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत कॅनरा बँक होती. म्हणजे सुर्वेने हात घातला तो कोणा सावकाराच्या पेटीत नव्हे, सार्वजनिक मालकीच्या तिजोरीत. आपल्याकडे बँकेत कोणाचा पैसा असतो? बोटीवर राबणाऱ्या तारवटीने घरी धाडलेली रक्कम, शिक्षकाची निवृत्तीची पुंजी, देवस्थानाची ठेव, मुलीच्या लग्नासाठी आईने बाजूला टाकलेले चार पैसे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतल्या कित्येक कुटुंबांनी दिवस काढले ते अशाच शिलकेवर. तिजोरी फोडणारा या विश्वासावरच घाव घालतो.

गोमंतकीयांच्या मनात फरारी माणसाविषयी जी सहानुभूती आहे तिला अर्थातच इतिहास आहे आणि तो आम्ही नाकारीत नाही. २६ जानेवारी १८५२ रोजी नाणूसचा किल्ला घेणारे सत्तरीचे दिपाजी राणे पोर्तुगीज राज्यकर्त्यांच्या लेखी बंडखोर होते. १९४७ साली स्थापन झालेल्या आझाद गोमंतक दलाने पोलीस ठाण्यांवर हल्ले केले; त्या दलाचे विश्वनाथ लवंदे व प्रभाकर सिनारी पोर्तुगीजांच्या कैदेतून निसटले आणि त्यांनी लढा पुढे चालविला. कैदेतून पळालेले हेच सिनारी मुक्तीनंतर पोलीस सेवेत वरिष्ठ अधिकारी झाले, हा इतिहासाचा केवढा बोलका न्याय! पेडणे तालुक्यातील पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, त्याही परकी सत्तेचा कायदा मोडूनच. ज्या भूमीने कायदा मोडणाऱ्यांना हुतात्मा म्हणून वंदन केले, तिला प्रत्येक फरारी माणसात बंडखोर दिसावा हे स्वाभाविक आहे. स्वाभाविक असले तरी ते बरोबर नव्हे. सिनारी पळाले ते परक्या राजवटीच्या हातून. त्या राजवटीचा कायदा करण्यात गोमंतकीयांचा आवाज नव्हता आणि त्यांनी केले त्यातला पैसाही स्वतःच्या चैनीसाठी नव्हता. सुर्वे पळाला तो आपणच मते देऊन उभारलेल्या राज्याच्या हातून, आणि पळून जाऊन त्याने पुन्हा लूटच केली. दोघांसही एकाच तराजूत घालणे म्हणजे मुक्तिलढ्याची अवहेलना करणे होय.

परंतु दरोडेखोरास दोष देऊन शासनास हात झटकता येणार नाहीत. जन्मठेपेचा कैदी रुग्णालयातून निसटतो तेव्हा तो एकटा गुन्हेगार नसतो. पहारा कोणाचा होता, किती माणसे होती, बेड्या होत्या की नव्हत्या, ही नोंद कोणाच्या टेबलावर धूळ खात पडली, हे प्रश्न त्याच्याबरोबर पळून जात नाहीत. भारतीय दंड संहितेच्या कर्त्यांना हे नेमके कळले होते. कायदेशीर कोठडीतून पळणाऱ्यास कलम २२४ अन्वये जास्तीत जास्त दोन वर्षांचा कारावास होता. आणि हयगयीने कैद्यास पळू देणाऱ्या सरकारी नोकरासही कलम २२३ अन्वये कमाल मुदत दोनच वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही दोन्ही अपराधस्थाने कायम ठेवली आहेत. पळणारा आणि पळू देणारा यांना कायद्याने असे शेजारीशेजारी बसविले आहे. व्यवहारात मात्र पळणाऱ्याच्या मागे पथके धावतात आणि पळू देणाऱ्याची चौकशी फायलीत विसावते. बैल गेला आणि झोपा केला, ही आपल्या कारागृहांची जुनीच रीत.

मग एके दिवशी तोच फरारी गोळीस बळी पडतो आणि आधीची सारी हयगय त्या धुरात दिसेनाशी होते. वडाळ्यास त्या दिवशी नेमके काय घडले याचा निवाडा आम्ही करू इच्छित नाही. सुर्वेने शस्त्र उपसले असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याच्यासाठी अश्रू ढाळावेत असेही आमचे म्हणणे नाही. पण म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. आणि काळ सोकावलाच. पुढची दोन दशके मुंबईत चकमकींचा सुळसुळाट झाला, आणि किती माणसे मारली यावर अधिकाऱ्यांचा लौकिक मोजला जाऊ लागला. २००६ साली रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया यास मारण्यात आले ती चकमक बनावट होती असा निष्कर्ष न्यायालयाने काढला, आणि १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांस जन्मठेप सुनावली. गोळी झाडल्यापासून हा निकाल येईतो सतरा वर्षांहून अधिक काळ गेला. मध्यंतरी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयास चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूच्या स्वतंत्र चौकशीसाठी १६ सूत्रे घालून द्यावी लागली. ही सूत्रे घालावी लागली, यातच सर्व आले.

याहून वेगळे घडू शकते, याचा दाखला आपल्याच पर्वरीत आहे. चार्ल्स शोभराज याने १६ मार्च १९८६ रोजी तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून पळ काढला. सुर्वेहून तो कितीतरी भयंकर. अनेक देशांतल्या खुनांचा संशय त्याच्यावर होता. मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी ६ एप्रिल १९८६ रोजी पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ उपाहारगृहात त्यास जिवंत धरले. त्यास न्यायालयापुढे उभे करण्यात आले आणि पुढे १९९७ पर्यंत तो भारतातल्या तुरुंगात राहिला. म्हणजे तेच मुंबई पोलीस, तेच दशक. फरक एवढाच की येथे पिस्तुलाऐवजी पाळत आणि धैर्य कामी आले. आणि आपण गोमंतकीयांनी काय केले? त्या उपाहारगृहात शोभराजचा पुतळा बसला, पर्यटक त्याच्या शेजारी बसून छायाचित्रे काढू लागले. झेंडे यांच्यावर चित्रपट निघावयास २०२५ साल उजाडावे लागले. पकडणाऱ्याआधी पळणाऱ्याचा पुतळा, हे आमच्या अभिरुचीचे प्रमाणपत्र म्हणावे काय?

जगात असेही फरारी आहेत की ज्यांचा ठावठिकाणा कधीच लागला नाही. १९६२ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील अल्काट्राझ बेटावरच्या तुरुंगातून फ्रँक मॉरिस व अँग्लिन बंधू हे तिघे बँक लुटणारे कैदी रेनकोट जोडून केलेल्या तराफ्यावरून निघून गेले. ते बुडाले की वाचले, कोणास ठाऊक. १९७९ च्या अखेरीस एफबीआयने आपली फाईल मिटली. पण अमेरिकेच्या मार्शल सेवेने तपास आपल्याकडे घेतला आणि तो सोडला नाही. आम्हांस या गोष्टीतील तराफ्यापेक्षा ही चिकाटी अधिक लक्षणीय वाटते. ज्याचा माग लागत नाही त्याची फाईल उघडी ठेवणे, हीच कायद्याची खरी प्रतिष्ठा. कायद्याला वेळ लागला तरी चालतो. त्याची स्मृती मात्र शाबूत हवी.

हा सारा प्रपंच आज करण्याचे कारण दूरचे नाही. २०२४ च्या डिसेंबरात जमिनी बळकावण्याच्या प्रकरणातला एक आरोपी रायबंदर येथील गुन्हे शाखेच्या कोठडीतून पळाला, आणि त्यास पळवून नेणारा त्याच्याच पहाऱ्यावरचा शिपाई निघाला. कुंपणानेच शेत खाल्ले. आरोपी काही दिवसांतच केरळात सापडला, हे नशीब. आपले राज्य चिमुकले. पत्रादेवीचा नाका ओलांडला की सावंतवाडी, डिचोलीहून निघाले की दोडामार्ग, पेडण्यास रेल्वे आणि आता मोपाचा विमानतळ. कोठडीबाहेर पडलेला माणूस तासाभरात परराज्यात असतो. तेव्हा येथे पहारा हाच खरा कायदा आहे.

आमची मागणी साधी आहे. कैदी पळाल्याची प्रत्येक चौकशी ठराविक मुदतीत पुरी व्हावी आणि तिचा निष्कर्ष जनतेपुढे मांडला जावा. कैद्यास न्यायालयात किंवा रुग्णालयात नेणाऱ्या पथकाची पुरेशी संख्या कागदावर न राहता रस्त्यावर दिसावी. ज्याच्या फिर्यादीवरून कैदी तुरुंगात गेला, त्यास तो पळाल्याची खबर सर्वांआधी मिळावी. रात्री कडी वाजली की त्याचाच ऊर धडधडतो. आणि वाचकांकडे आमचे मागणे एवढेच: पुढल्या खेपेस कोणी फरारी दरोडेखोराची गोष्ट रंगवून सांगू लागला, तर ती अवश्य ऐकावी, पण शेवटी एक प्रश्न विचारावा, ‘लुटले गेले त्यांचे पुढे काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या पोवाड्यात नाही, तो अपुरा आहे.