‘शाश्वत’ हा शब्द आणि शाळेची चूल

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या निबंधाच्या वह्या तपासत होतो. विषय नेहमीचाच : ‘शाश्वत विकास, काळाची गरज’. एका मुलीने पहिले दोन परिच्छेद सर्वांसारखेच लिहिले होते. तिसऱ्या परिच्छेदात ती एकदम आपल्या आईकडे वळली होती. आई त्याच शाळेत खिचडी शिजवायची. श्रावणात सरपण ओले असते, धुराने आईचे डोळे चुरचुरतात, घरी आल्यावर ती दिवा लावू देत नाही, असे काहीबाही त्यात होते. मी तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. ते दोन गुण आजही मला टोचतात. विषयांतर कोणाचे झाले होते, हा प्रश्न पुढे मलाच पडला.

१९८७ सालच्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानंतर विकासाबद्दलची एक नवी संज्ञा जगभर रूढ झाली. मराठीने तिच्यासाठी ‘शाश्वत’ हा शब्द पत्करला. हा शब्द आपल्याकडे आत्म्याच्या शेजारी बसून मोठा झालेला आहे. ‘नश्वर’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द. आणि अन्न व सरपण यांच्याइतके नश्वर दुसरे काय असते? एक खाऊन संपते, दुसरे जळून संपते. ‘टिकाऊ’ हा शब्द हाताशी होता, पण त्याला कापडाच्या दुकानाचा वास. घरातल्या बायांकडे तर याहून नेमका शब्द होता : ‘पुरवून वापरणे’. कणगीतली ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरली पाहिजे, एवढ्या वाक्यात सारा अहवाल सामावतो. आपण मात्र चुलीपाशी असलेला शब्द सोडून गाभाऱ्यातला उचलला. मग विद्यार्थी त्या शब्दाला हात जोडतात, हात लावत नाहीत, यात नवल ते काय?

ही फारकत केवळ शब्दातली नाही. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवण्याच्या दृष्टीने आदेश दिला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी त्याच न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. दोन्ही आदेशांचे मोल मोठे आहे. दुसऱ्याने तर कित्येक पोरांची दुपार राखली. पण पहिल्याने पाठ्यपुस्तकात जागा मिळवली, दुसऱ्याने शाळेच्या मागच्या पडवीत. एकाच आवारात राहूनही या दोघांची गाठ क्वचितच पडते. वर्गात फळ्यावर ‘इंधन वाचवा’ आणि भिंतीपलीकडे धूर, हे दृश्य मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहे.

आता धान्याकडे पाहू. उच्च प्राथमिक वर्गातल्या मुलासाठी दिवसाला १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरलेले आहे. २०० मुलांच्या शाळेत ते रोजचे ३० किलो होते, आणि आपल्याकडे ते मुख्यतः तांदळाच्याच रूपात येते. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकते; २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तांदळाच्या एका किलोमागे मात्र दोन हजार लिटरांहून अधिक पाणी खर्ची पडते. ज्वारीच्या कोठारातल्या पोराच्या ताटात शाळेने भात वाढावा आणि त्याच पोराला पाणीबचतीवर निबंध लिहायला सांगावे, हा विरोधाभास आपल्या ध्यानातही येत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, सरकारने ‘भरड’चे ‘श्रीअन्न’ असे नामकरण केले. पुन्हा तेच : पदार्थ ताटात येण्याआधी शब्द देव्हाऱ्यात गेला.

यावर कोणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे, की दोनशे पोरांच्या भाकऱ्या थापणार कोण? खिचडी एका पातेल्यात होते. भाकरी एकेक थापावी लागते, एकेक भाजावी लागते. म्हणजे पाणी वाचवणारे धान्य सरपण आणि बाईचे श्रम दोन्ही जास्त मागते. अन्नाची निवड आणि इंधनाची निवड अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात. आणि त्या गुंत्याचा भार जिच्या मनगटावर पडतो, तिचे मानधन केंद्राने २००९ साली महिना एक हजार रुपये, तेही वर्षातले दहा महिने, असे ठरवले. राज्ये त्यात आपली भर घालतात. तरी ते मानधनच, वेतन नव्हे. तिला न विचारता ‘ज्वारी आणा’ म्हणणे हा शहरी भाबडेपणा होईल.

पण उत्तर आपल्याच भाषेत पडून आहे. विदुराच्या कण्या आपण म्हणीसारख्या वापरतो, गरिबाच्या प्रेमाचे प्रतीक म्हणून त्यांवर रसग्रहणे लिहितो. कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी, हे मात्र विसरतो. रात्री भिजत घातलेल्या कण्या भातासारख्याच एका पातेल्यात शिजतात. वर ताक किंवा आमटी. गावातली गिरणी भरडू शकते, बचत गट शिजवू शकतो. खरकटे आणि सडलेली भाजी यांतून स्वयंपाकघरालगतच गॅस मिळतो, हे पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने छोट्या संयंत्रांतून दाखवले. २००६ साली त्या कामाला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या कामामागचे आनंद कर्वे हे इरावतीबाईंचे चिरंजीव, एवढे साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी सांगून ठेवतो. यातले काहीच सर्व शाळांना लागू पडेल असे नाही. कोकणात नाचणी येईल, भाताच्या मुलखात तांदूळच योग्य ठरेल. मुद्दा निवड करण्याचा आहे, आणि ती शाळेने डोळसपणे करण्याचा.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली, तेव्हा हाताचे काम हेच शिकण्याचे माध्यम मानले होते. तो प्रयोग सर्वदूर का टिकला नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण आपण भाषेचे शिक्षक एक गोष्ट उद्यापासून करू शकतो. ‘शाश्वत विकास’ हा निबंध रद्द करावा आणि त्याऐवजी विचारावे : आज आपल्या शाळेत किती धान्य शिजले, ते कुठून आले, कशावर शिजले, किती वाया गेले, आणि कोणी शिजवले?

त्या मुलीने हे प्रश्न न विचारताच उत्तर लिहिले होते. विषयाला धरून लिहिणारी त्या वर्गात ती एकटीच होती.