अण्णांचं अडखळणं

परवा घरच्या ग्रुपवर भाच्याने एक ऑडिओ फाईल टाकली. १९८६ सालची कॅसेट. टू-इन-वन मध्ये ठेवून अण्णा बार्शी लाईटच्या प्रवासाची गोष्ट सांगतायत. खाली लिहिलेलं, "एआयने साफ केलंय, ऐका!" धडाधड अंगठे आले, नमस्कार आले, रडके चेहरे आले. काकूने लिहिलं, अण्णा समोर बसल्यासारखे वाटले.

मला नाही वाटले.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, माझे वडील जन्मभर अडखळत बोलले. 'प'वर तर हमखास अडायचे. गोष्टीतली गाडी कुर्डुवाडी सोडायची, मोडनिंब मागे पडायचं, आणि अण्णा प.. प.. करत थांबायचे. मग आम्ही पोरं एका सुरात "पंढरपूर!" म्हणून ओरडायचो. अण्णा मान डोलावून पुढे. तो आमचा खेळच होता. साफ केलेल्या फाईलमध्ये अण्णा "पंढरपूर" असं खणखणीत म्हणतात, न थांबता, एखाद्या वृत्तनिवेदकासारखे. आणि आमची आरोळी? ती गोंगाट म्हणून काढून टाकलीय. आठ वर्षांची मी त्या कॅसेटमध्ये होते. आता नाही.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की मूळचं बरं होतं. तर भाच्याचं उत्तर तयार! "मावशी, तूच मला ल्युसिअर ऐकवलास ना? त्यानेही हेच केलं होतं."

मुलगा हुशार आहे. मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, म्हणूनच इथे जरा पसरून भांडते.

अॅल्विन ल्युसिअर हा अमेरिकन संगीतकार (१९३१-२०२१). तोही अडखळत बोलायचा. १९६९ साली ब्रँडाइस विद्यापीठाच्या स्टुडिओत त्याने एक प्रयोग केला, 'आय अॅम सिटिंग इन अ रूम'. एका खोलीत बसून चार वाक्यं बोलायची आणि टेप करायची. ती टेप त्याच खोलीत वाजवायची आणि दुसऱ्या यंत्रावर पुन्हा टेप करायची. मग ती वाजवायची.. असं करतच राहायचं. न्हाणीघरात गुणगुणताना एखादा सूर अचानक मोठा होतो बघा? प्रत्येक खोलीचे असे आपले सूर असतात. दर फेरीला तेवढे सूर बळावतात, बाकीचे मरतात. हळूहळू शब्द विरघळतात आणि शेवटी काचेच्या भांड्यांसारखा नुसता नाद उरतो. १९८० साली केलेल्या लांब आवृत्तीत अशा बत्तीस फेऱ्या आहेत, पाऊण तासाच्या. (मला हे सापडलं यूबूवेबवर. केनेथ गोल्डस्मिथ या कवीने १९९६ पासून हाताने रचलेलं अजब कोठार आहे ते. एक रविवार हातात ठेवूनच जा.)

आणि हो, हे सगळं का करतोय ते ल्युसिअर त्या चार वाक्यांतच सांगून टाकतो: आपल्या बोलण्यातले खाचखळगे सपाट करायला. म्हणजे भाचा जिंकला?

थांबा. ल्युसिअरने पहिली फेरी ठेवलीय. आधी तुम्हाला तो अडखळणारा माणूस ऐकावाच लागतो, मग तो आपल्या डोळ्यांदेखत, एकेक पायरी, विरतो. काय गेलं आणि काय उरलं याचा हिशेब ऐकणाऱ्याच्या हातात राहतो. शिवाय तो म्हणतो की बोलण्यातलं सगळं नष्ट होईल, कदाचित ताल सोडून. आणि नेमका 'ऱ्हिदम' या शब्दावरच तो अडखळतो! शब्द कळेनासे झाल्यावरही कितीतरी फेऱ्या ती लय, ते थांबे, जाणवत राहतात. खोलीने त्याचं अडखळणं पुसलं नाही, त्याचं संगीत केलं. अण्णांच्या फाईलमध्ये बरोब्बर उलटं झालंय. शब्द चकचकीत राहिले आणि थांबे गेले.

याला सर्जनशीलता म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. ते सलग "पंढरपूर" कोणी म्हटलं? अण्णांनी तर कधीच नाही. यंत्राने हजारो अनोळखी गळ्यांवरून शिकलेला अंदाज अण्णांच्या तोंडी घातला. २०२४ साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला होता. मॉडेल्सनी तयार केलेल्याच मालावर पुढची मॉडेल्स पुन्हा पुन्हा शिकवत गेलं, तर आधी नाहीसं होतं ते दुर्मीळ, कडेकडेचं. वाचल्याबरोबर मला ती खोलीच आठवली. फरक इतकाच की या खोलीत आपल्याला पहिली टेप कोणी ऐकवत नाही, थेट बत्तिसावी हातात देतात आणि वर विचारतात, छान झालंय ना?

दुसरं म्हणजे, आवाज ल्युसिअरचा स्वतःचा होता. २०२० मध्ये, म्हातारपणी, त्याने काही कलाकारांना आपलं रक्तही दिलं. त्यातल्या पेशींपासून वाढवलेल्या मेंदूच्या इवल्या गोळ्यांच्या विद्युत हालचालींवर पितळी पत्रे वाजतात. २०२५ मध्ये पर्थच्या कलासंग्रहालयात ते मांडलं होतं. मला ते थोडं भयंकरच वाटतं, पण त्याला विचारलं होतं आणि तो हो म्हणाला होता. अण्णांना कुणी विचारलं? अडखळण्याची त्यांना लाज वाटायची असं काका म्हणतात. खरं असेल. बँकेत, लग्नात वाटायची. पण या गोष्टीत नाही. इथे ते मुद्दाम जास्त वेळ थांबायचे, आम्हाला ओरडायला मिळावं म्हणून.

असो. भाच्या, तुझ्यावर राग नाही. तू प्रेमानेच केलंस, आणि टेपची खरखर काढलीस ते छानच झालं. पण मूळ कॅसेट कुठाय? आईच्या कपाटात नाही, मी विचारलं. दिवाळीत मी येतेय, जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे असेल त्याने तोवर ती उन्हात ठेवू नका, टेपवर पुन्हा काही भरू नका. आणि काकू, तुमचा जुना टू-इन-वन चालतो का अजून?