रद्दीच्या भावाने विकला जाणारा पुरावा



अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या जुन्या स्थानिक साप्ताहिकांना ‘गावाचा आरसा’ म्हणायची पद्धत आहे. वर्धापनदिनाला हार पडतात, भाषणे होतात. मी याच भागात कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. मला एवढेच विचारायचे आहे, की या आरशात बाई कुठे दिसते?

दिसते ती चार ओळींत. स्टोव्हच्या भडक्याने विवाहिता भाजली. पोटदुखीला कंटाळून विहिरीत उडी घेतली. स्टोव्ह नेमका सुनेच्याच अंगावर का भडकतो, हे त्या चार ओळी कधी विचारत नाहीत. काडेपेटी कारखान्यातला संप असो की नगरपालिकेची निवडणूक, पुढाऱ्यांच्या भाषणाला रकानेच्या रकाने. संपकाळात घर ओढणारीला एक ओळही नाही.

मग जाऊ द्या रद्दीत, असे कोणी म्हणेल. मुळीच नाही! त्या चार ओळींत तारीख आहे, वस्ती आहे, वय आहे, लग्नाला किती वर्षे झाली ते आहे. पोलीस ठाण्यातले जुने कागद मुदत संपली की नष्ट होतात. माहेरचे थकतात, गप्प होतात. दहा वर्षांच्या अशा चार-चार ओळी एकाखाली एक मांडा. ‘अपघात’ हा शब्द आपोआप गळून पडतो. ४९८-अ हे कलम १९८३ साली आणि ३०४-ब १९८६ साली का आणावे लागले, याचा आपल्या गावातला पुरावा हाच.

वृत्तपत्राला उलट प्रश्न विचारणे ही तर आपली जुनी रीत. ठाण्यात ‘अरुणोदय’ १८६६ साली निघाला. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या १८८१ मधल्या खटल्याचे निमित्त करून वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, तेव्हा १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्यांचे माप त्यांच्या पदरात घातले.

पण प्रश्न विचारायला अंक तर हवेत! १९५४ चा कायदा १९५६ साली वृत्तपत्रांनाही लागू झाला. अंक कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायचे. ज्या गावची बातमी, त्या गावात अंक जपण्याची सक्ती मात्र कुणावरच नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घराघरांत शिरली. त्यातून जे वाचले ते आता माळा साफ करताना किलोवर जाते. उल्हासनगरचा सिंधी मजकूर तर अरबी वळणाच्या लिपीतला. ती वाचू शकणाऱ्या आज्या आज आहेत, उद्या नसतील.

म्हणून नगरपालिकांकडे मागणी करू या: सार्वजनिक वाचनालयात जुन्या अंकांच्या फायली ठेवा, सर्वांना खुल्या करा. आणि प्रत्येक गटाने एक वही घालावी: तारीख, वस्ती, मृत्यूचे छापलेले कारण. बलात्काराच्या बातमीतले नाव मात्र वहीत उतरवायचे नाही. ते छापणे १९८३ पासून गुन्हा आहे, आणि आपल्यासाठी तो कायद्याच्याही आधीचा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरील अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले. तेव्हा वार्तांकन करणाऱ्या एका स्थानिक महिला पत्रकारालाच एका पुढाऱ्याच्या अश्लाघ्य बोलण्याविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यावी लागली. बातमी कोणी लिहायची, यावरचे भांडण अजून मिटलेले नाही. जुनी बातमी कोणी वाचायची, हे तरी आपण ठरवू या.