ऊब कुणाच्या वाट्याला?

दिवाळी सरली, फराळाचे डबे रिकामे झाले, की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना घर सजवायची आठवण येते. खिडकीशी छोटी बैठक करा, मंद पिवळा दिवा लावा, वर लोकरीची शाल टाका, हातात चहाचा मोठा मग घ्या आणि थंडीतल्या संध्याकाळची मजा लुटा, असे लेख दरवर्षी येतात. मी ते वाचते, आवडीनं वाचते. ऊब कुणाला नको असते? पण फोटोतल्या त्या बाईच्या हातातला चहा कुणी केला आणि मग नंतर कोण विसळणार, हे फोटोत कधी दिसत नाही.

मी नाशिक जिल्ह्यात काम करते. निफाडकडची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना तिचं वर्णन करून सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याहून खाली. अशा रात्री द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबक चालू करून मुळांना पाणी देतात. वर्षभराचं पीक आहे, त्याची काळजी घ्यायलाच हवी. पण त्याच घरातली बाई रात्री नऊला अंगणातल्या दगडावर गार पाण्यात भांडी घासत असते, तेव्हा तिच्या बोटांना पडलेल्या भेगांची काळजी कुणाला रात्र जागवत नाही.

गावात संध्याकाळची शेकोटी पेटते ती पारावर किंवा चौकात. भोवती पुरुष बसतात, पोरं बसतात, कुत्रीसुद्धा येऊन अंग टाकतात. तिथं बाजारभाव निघतात, निवडणुका निघतात, कुणाच्या लेकीचं कुठं जमतंय तेही निघतं. बायका नसतात. बाईची शेकोटी म्हणजे पहाटे अंघोळीचं पाणी तापवताना चुलीपुढे घटकाभर धरलेले हात.

चुलीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हल्ली तिच्याविषयी फार हळवं होऊन लिहिलं जातं. पूर्वी थंडीत घरातला उबेचा कोपरा चुलीपाशीच होता हे खरं. पोरं तिथं पाटी घेऊन बसत, म्हातारी तिथं कलंडत असे, भाकरी तव्यावरून थेट ताटात पडत असे. मात्र त्या उबेची किंमत एकटी बाई मोजत होती, डोळ्यांनी आणि छातीनं. जन्मात विडी न ओढलेल्या बाया दम्याच्या रोग्यासारख्या खोकताना मी पाहिल्या आहेत. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, बाईच्या नावावर गॅस आला. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. सिलिंडर परवडत नाही म्हणून पाण्याला अजून काटक्याच लागतात, ते वेगळं. पण आणखी एक गोष्ट घडली. चूल बाजूला झाली तसा घरातला कोपरा तिथून उठला आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर गेला. माणसं कोपऱ्याबरोबर गेली. बाई ओट्याशी उभी राहिली, गार फरशीवर, एकटी. पूर्वी धुरात का होईना, तिच्याभोवती घर असायचं. मला चूल परत नको आहे. घरानं तिच्याभोवती बसणं मात्र परत हवं आहे, किंवा तिनं ओटा सोडून त्यांच्यात येऊन बसणं.

ते का होत नाही, त्याचं उत्तर सरकारी आकड्यांतच आहे. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचं बिनमोली काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. पुरुष ८८. आणि पुरुषांची ही सरासरी, जे हे काम करतात त्यांचीच! न करणारे मोजले तर काय उरेल ते तुम्हीच बघा. थंडीत दिवस लहान होतो, काम लहान होत नाही. म्हणून बाईच्या कोपऱ्यासाठी पहिली वस्तू गादी नाही की दिवा नाही. आधी वेळ हवा. संध्याकाळच्या जेवणाची भांडी दुसऱ्या कुणी घासली, तरच तिला टेकता येईल. नवऱ्यानं घासली तर उत्तम, मुलानं घासली तर फारच उत्तम, कारण त्याची बायको पुढं सुखात राहील.

व्हर्जिनिया वूल्फ या इंग्रज लेखिकेनं १९२९ साली म्हटलं की बाईला लिहायचं असेल तर स्वतःची खोली हवी, तिच्या दाराला कुलूप हवं आणि वर्षाला ५०० पौंडांची मिळकत हवी. आमच्याकडच्या दोन खणांच्या घरात खोली कुठून आणायची, म्हणून आपण ती गोष्ट हसून सोडून देतो. पण त्या मागणीतलं कुलूप मला फार महत्त्वाचं वाटतं. का, ते सांगते.

आमच्याकडे आलेल्या एका बाईला नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं होतं. बैठका झाल्या, चार वडीलधारी माणसं मध्ये पडली, ‘नांदवतो’ असं कागदावर लिहून सही झाली. जानेवारीत आम्ही भेटीला गेलो तेव्हा तिचं अंथरूण पडवीत होतं. वर पत्रा, एका बाजूला खताच्या गोण्या, दुसरी बाजू उघडी. अंगावर एकच गोधडी. रात्री आतून कडी लागायची आणि ती बाहेर. सासूबाई म्हणाल्या, “घरातच तर आहे की! अजून काय पाहिजे?” शब्दाला धरून बघितलं तर खोटं काहीच नव्हतं. पडवी घराचीच होती.

‘नांदवणे’ या शब्दात किती आणि काय काय येतं, हे तेव्हापासून मी प्रत्येक कागदात लिहून घेते. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमानं, घरावर मालकी असो वा नसो, बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. १९ व्या कलमाकडे मात्र आपलं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. तिथं न्यायदंडाधिकारी असाही आदेश देऊ शकतात की घराच्या ज्या भागात ती बाई राहते त्या भागात नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी पाऊल टाकायचं नाही. घराचा भाग! म्हणजे आपण ज्याला कोपरा म्हणतो, तो कायद्याला ठाऊक आहे. अर्ज लिहिताना ‘घरात राहू द्यावे’ एवढ्यावर थांबू नका. कोणती खोली, कडी कुणाच्या बाजूनं, स्वयंपाकघर आणि मोरी वापरायला मिळणार का, अंथरूण-पांघरूण काय, सगळं लिहा. संरक्षण अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष जागा दाखवा. काही जणींना हे क्षुल्लक वाटेल. त्यांनी पाच अंशांत एक रात्र पडवीत झोपून बघावं.

त्या बाईच्या दुसऱ्या कागदात आतली खोली, आतून कडी आणि दोन गोधड्या असं लिहिलं गेलं. गोधड्यांवरून बैठकीत काही जण हसले. आम्ही लिहूनच घेतलं.

आता ज्यांच्या घरी मारहाण नाही, नुसतीच सवय आहे, त्यांच्यासाठी थोडं. कोपरा करायला पैसे लागत नाहीत. पश्चिमेची भिंत दिवसभराचं ऊन पिऊन संध्याकाळी बराच वेळ ऊबदार राहते, तिला पाठ लावून बसा. थंडी फरशीतून येते, म्हणून खाली आधी गोणपाट, त्यावर जुन्या लुगड्यांची वाकळ. दाराखालच्या फटीत साडीची गुंडाळी. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणसं जातात.

गेल्या थंडीत एका बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, “घरात तुम्ही टेकता कुठं?” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हणाली, पाणी तापेपर्यंत बंबापाशी. एक म्हणाली, पलंगाच्या पायथ्याशी, तेही सगळे झोपल्यावर. साठीची एक आजी म्हणाली, “मी नं, तुमच्या या मीटिंगला येते तेव्हाच टेकते बाई.” सगळ्या हसल्या. पुढच्या बैठकीपासून बायका घरून एकेक गोधडी घेऊन येऊ लागल्या, आणि बैठक तासाऐवजी दीड तास चालू लागली. घरी विचारलं तर हिशेब लांबला म्हणून सांगायचं, असं ठरलं आहे.